घरातला समुद्र आणि चुन्याची निवळी

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, बसवकल्याण तालुक्यात, मुडबी हे गाव वसलेले आहे. पश्चिमेचा अरबी समुद्र येथून सुमारे ४०० किलोमीटर दूर; पूर्वेचा उपसागरही त्याहून जवळ नाही. भोवतालची जमीन काळी, लाव्हारसाच्या कातळापासून झालेली. उत्तरेस बीदरचे तांबड्या जांभ्याचे पठार पसरलेले आहे. दक्षिणेस कलबुर्गी ओलांडले की शहाबादच्या चुनखडीचा प्रदेश सुरू होतो. याच प्रदेशातील फरशीने महाराष्ट्रातील असंख्य घरांची स्वयंपाकघरे आणि ओसऱ्या मढवल्या आहेत. समुद्राशी या भागाचा काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणासही वाटणार नाही. तथापि समुद्राच्या तळाशी वाढणारे प्रवाळ काचेच्या पेटीत जिवंत ठेवण्याची विद्या ज्या एका साध्या पदार्थापाशी येऊन स्थिरावली, तो पदार्थ मुडबीतील प्रत्येक पान खाणाऱ्याच्या डबीत आहे. तो पदार्थ म्हणजे चुना. आणि त्याहून नेमके सांगावयाचे तर, भिजवलेल्या चुन्यावर जमणारे स्वच्छ पाणी, म्हणजेच चुन्याची निवळी.

ही विद्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या चुकांतून सिद्ध झाली. त्या चुकांचा इतिहास मनोरंजक तर आहेच, परंतु आज समुद्रावर जे संकट ओढवले आहे त्याचा अर्थही या इतिहासावाचून नीट उमगत नाही.

दख्खनच्या पठाराला प्रवाळाची ओळख फार जुनी आहे. मात्र ती मृत प्रवाळाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळ्यांचा उल्लेख आहे. त्याच वृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, येथून बिकट वाटांनी गाड्यांवर लादून माल भडोचला जाई, असेही सांगितले आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने तर रोमन लोकांना भारतीय मोत्यांचे जितके मोल तितकेच भारतीयांना पोवळ्यांचे, अशा आशयाची नोंद करून ठेवली आहे. ही तांबडी पोवळी भूमध्य समुद्रातील. ती नवरत्नांत बसली, स्त्रियांच्या गळ्यात गेली, वैद्यांच्या खलात कुटली जाऊन प्रवाळभस्म झाली. पण ज्या प्राण्याच्या अस्थी आपण अंगावर मिरवतो, तो प्राणी जिवंतपणी कसा असतो, हे पाहण्याची सोय समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाला नव्हती. ती निर्माण व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

सिसिली बेटावरील मेसिना येथे जीन व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीने १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या पेट्या बनवून घेतल्या. परंतु मेसिना समुद्रकाठी होते. पाणी बिघडले तर नवे आणणे सोपे होते. खरी कसोटी समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी होती. त्या कसोटीस उतरण्याचा पहिला मान लंडनमधील एका गृहिणीकडे जातो. अॅना थिन हे त्यांचे नाव. १८४६ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही खडकप्रवाळ मातीच्या बरणीत घालून लंडनला आणले. पाणी थोडे, समुद्र दूर, आणि साठवलेले पाणी तर नासू लागणार. थिनबाईंनी उपाय योजला तो अगदी घरगुती होता. त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राही. चहा निववण्यासाठी जे करावयाचे तेच येथे पाण्यात हवा मिसळण्यासाठी केले जात होते. पुढील वर्षी त्यांनी त्या पाण्यात समुद्री शेवाळही सोडले. अशा रीतीने प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. त्या मोलकरणीचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. परंतु समुद्राबाहेर प्रवाळ जगवणारा पहिला पंप म्हणजे तिचे दोन हात होत, असे म्हणावयास हरकत नाही.

जे थिनबाईंनी अनुभवाने साधले त्याला तत्त्वाचे रूप देण्याचे काम रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने केले. त्याने १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. गोड्या पाण्याच्या पेटीत मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांची सांगड घातली असता मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो प्राणवायू मासा घेतो, आणि कुजणारी पाने गोगलगाय खाऊन टाकते. अशा रीतीने पाणी न बदलता सर्वांचे चालते, असे त्याने दाखवून दिले. पुढे समुद्राच्या पाण्यावरही त्याने हाच प्रयोग केला. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यालय उघडले, आणि घराघरांत काचेच्या पेट्या ठेवण्याचे वेडच पसरले.

या वेडाला शब्दरूप दिले ते फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने. १८५४ मध्ये त्याचे मत्स्यालयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्यांना समुद्राचे पाणी मिळत नाही त्यांच्यासाठी कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही त्याने त्याच वर्षी सिद्ध केली. साधे मीठ, एप्सम क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चार द्रव्यांवर त्याने भागवले. चुन्याची संयुगे मात्र त्याने जाणूनबुजून वगळली. समुद्रात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते, आणि तळाशी टाकलेल्या शिंपल्यांतून व प्रवाळाच्या तुकड्यांतून लागेल तेवढा चुना पाण्याला मिळेलच, असा त्याचा हिशेब होता. त्या काळच्या रसायनज्ञानाच्या मानाने तो हिशेब चुकीचा वाटण्याजोगा नव्हता. परंतु प्रवाळांच्या दृष्टीने नेमका येथेच घोटाळा होता, आणि तो उलगडण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

या वेडाची दुसरी बाजूही होती. पेट्या भरण्यासाठी लोक किनाऱ्यावर तुटून पडले. खडकांतील डबकी, जी हजारो वर्षे जिवांनी गजबजलेली होती, ती काही वर्षांत ओस पडली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात आपल्या बालपणीचे ते संपन्न किनारे आणि त्यांची झालेली लूट यांचे वर्णन केले आहे. बापाने प्रेमापोटी लिहिलेल्या पुस्तकांनीच ही लूट घडवून आणली, आणि त्याचे दुःख बापालाही झाले, असे त्याने नमूद केले आहे. सृष्टीवर प्रेम करणारा माणूस तिचा घात कसा करू शकतो, याचा हा पहिला धडा होय.

मग समुद्राचे पाणी म्हणजे तरी नेमके काय? किराणा दुकानातील मीठ पाण्यात विरघळवले म्हणजे समुद्र होत नाही. अलेक्झांडर मार्से याने १८१९ मध्ये निरनिराळ्या समुद्रांचे पाणी तपासून असे सुचवले होते की, क्षार कमीअधिक असले तरी त्यांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र सारखेच असते. 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगप्रदक्षिणा करून जे पाणी आणले, त्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिट्मार याने केले आणि १८८४ मध्ये त्या सिद्धांतावर शिक्कामोर्तब केले. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत निम्म्याहून अधिक क्लोराइड आणि तिसऱ्या हिश्शाच्या आसपास सोडियम. बाकीच्यात सल्फेट आणि मॅग्नेशियम. आणि कॅल्शियमचा वाटा शंभरात जेमतेम सव्वा. प्रत्येक लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या तिपटीहून किंचित अधिक मॅग्नेशियम, असा हा हिशेब आहे. गॉसने ज्याला अत्यल्प म्हणून सोडून दिले, ते हेच चिमूटभर द्रव्य. सर्व प्रवाळभिंती, सर्व शंखशिंपले आणि पृथ्वीवरील चुनखडीचे बहुतेक डोंगर याच चिमटीतून उभे राहिलेले आहेत.

पेटीतील पाण्याचा पहिला शत्रू मात्र चुन्याचा अभाव नव्हे. तो शत्रू म्हणजे अमोनिया. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो, आणि तो अल्प प्रमाणातही मारक ठरतो. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की याने दाखवून दिले की, विशिष्ट जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि त्यावरच स्वतःची उपजीविका चालवतात. म्हणजे पेटीतील वाळू आणि दगड हे केवळ शोभेचे नव्हेत. त्यांच्या पृष्ठभागावर अदृश्य सफाई-कामगारांची वस्ती असते. ती वस्ती वसण्यास काही आठवडे जातात. नवी पेटी भरून दुसऱ्याच दिवशी तिच्यात मासे सोडणारा माणूस आजही याच कारणाने पस्तावतो.

पाणी जितके अधिक तितके ते स्थिर, हे दुसरे सत्य सार्वजनिक मत्स्यालयांनी शिकवले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय १८७१ मध्ये उघडले, तेव्हा डब्ल्यू. ए. लॉइड याने दर्शनी पेट्यांतील पाण्याहून कितीतरी अधिक पाणी खाली अंधाऱ्या हौदात साठवून ते सतत फिरते ठेवले होते. भारतात मराठी माणसाच्या मनात मत्स्यालय म्हणताच जी वास्तू उभी राहते, ती मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाची. पारशी दानशूर विकाजी तारापोरवाला यांच्या देणगीच्या साहाय्याने ती उभारली गेली आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बीदर, लातूर, सोलापूरकडून मुंबईस गेलेल्या कित्येक पिढ्यांतील मुलांनी समुद्राच्या पोटातील जीव पहिल्यांदा पाहिले ते तेथेच. मात्र त्या मत्स्यालयाच्या दारात साक्षात समुद्र होता. मुडबीसारख्या गावी पन्नास-शंभर लिटरांची पेटी ठेवणाऱ्यापाशी ना हौद, ना समुद्र. चाळीस लिटरांच्या पेटीत एखादी गोगलगाय दगडाआड मेली तरी सर्व पाणी एका रात्रीत बिघडू शकते. यास्तव घरातील समुद्र जितका लहान, तितके त्याचे रसायन अधिक डोळ्यांत तेल घालून सांभाळावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाऱ्या पाण्यातील मासे घरी जगू लागले होते, परंतु प्रवाळ काही केल्या टिकत नव्हते. त्याची दोन कारणे पुढे उघड झाली. पहिले प्रकाशाचे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते, आणि प्रवाळाचे बरेचसे अन्न तेच पुरवते. सिरो कावागुती या जपानी शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या शैवालाचे खरे स्वरूप ओळखले. थॉमस गोरो याने जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून केलेले प्रयोग १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. प्रवाळ अंधारापेक्षा उजेडात कितीतरी वेगाने आपला सांगाडा बांधतो, हे त्यांतून सिद्ध झाले. दुसरे कारण चुन्याचे. उजेड मिळून प्रवाळ वाढू लागला की तो पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भराभर उचलतो. समुद्रात ही उचल जाणवत नाही. पेटीत ती काही दिवसांतच जाणवते. गॉसला वाटले होते की तळातील शिंपले ही तूट भरून काढतील. परंतु समुद्राचे पाणी किंचित क्षारधर्मी, त्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या दरम्यान. अशा पाण्यात शिंपला विरघळत नाही. शिंपले भरपूर आणि पाणी मात्र उपाशी, अशी ती अवस्था होती.

या कोंडीतून वाट काढणारे बहुतेक जण व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते. ते हौशी होते. इंडोनेशियातील जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत एका मासिकातून मांडली. समुद्रातील सच्छिद्र खडक, त्याच्यावरील आणि त्याच्या आतील सर्व जीवांसह, जसाच्या तसा पेटीत ठेवावयाचा आणि हवेचे मंद बुडबुडे सोडावयाचे. बाकी सर्व काम खडक करतो. विनोग्राद्स्कीचे सफाई-कामगार या खडकात ओसंडून होते. अमोनियाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. चुन्याचा प्रश्न सोडवला तो स्वित्झर्लंडमधील पीटर विल्केन्स यांनी. १९७० च्या दशकात त्यांनी आपल्या ग्रंथांतून 'काल्कवासर' वापरण्याचा सल्ला दिला. या जर्मन शब्दाचा अर्थ शब्दशः 'चुन्याचे पाणी'. मराठी माणसाने त्यास दुसरे नाव शोधण्याचे कारण नाही. लहान मुलांच्या औषधासाठी आजीबाई जी निवळी करून ठेवीत, तीच ही.

निवळीचे रसायन समजून घेण्यासारखे आहे. शहाबादची चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो धगधगून फुलतो. तो विरलेला चुना. हा चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरमागे सुमारे १.७ ग्रॅम. बाकीचा तळाशी बसतो आणि वर स्वच्छ निवळी राहते. या निवळीत कॅल्शियम आणि अल्कता ज्या प्रमाणात असतात, नेमक्या त्याच प्रमाणात प्रवाळ ती द्रव्ये आपला सांगाडा बांधताना खर्च करतो. म्हणून एक भरताना दुसरे जास्त होण्याची भीती राहत नाही. जे जेवढे गेले तेवढेच ते परत येते. निसर्गाच्या जमाखर्चात इतका चोख मेळ क्वचितच आढळतो.

एक उदाहरण घ्यावे. १०० लिटरांच्या पेटीतून उन्हाळ्याच्या दिवसांत रोज सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन उडते असे समजा. वाफ होते ती केवळ पाण्याची. मीठ मागेच राहते. भाजी आटली की खारट होते, तसेच हे. तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी नव्हे, गोडेच घालावे लागते. नवखा माणूस येथे हमखास चुकतो. हे गोडे पाणी म्हणून निवळी वापरली तर एका लिटरमागे सुमारे ९०० मिलिग्रॅम कॅल्शियम पेटीत जाते, म्हणजे पेटीतील प्रत्येक लिटरास ९ मिलिग्रॅम. पाण्याची तूट आणि चुन्याची तूट अशी दोन्ही एकाच उपायाने भरून निघतात. परंतु निवळी तीव्र क्षारधर्मी. तिचा सामू १२ च्या वर. ती एकदम ओतली तर पेटीतील चुना दुधासारखा फुटून तळाशी बसतो आणि प्राणी दगावतात. म्हणून महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्राप्रमाणे ती थेंबाथेंबाने सोडावी लागते, आणि तीही शक्यतो रात्री. दिवसा शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते; रात्री ते काम थांबते, श्वसन मात्र चालू राहते, आणि पाण्याचा सामू खाली येतो. निवळी नेमकी ही घसरण सावरते. मॅग्नेशियम पुरेसे नसेल तर मात्र चुना विरघळलेल्या स्थितीत टिकत नाही. म्हणून त्याचीही मोजणी ठेवावी लागते. फॉस्फेट वाढला तर सांगाडा बांधण्याच्या क्रियेतच अडथळा येतो. म्हणून अन्न बेताने घालावे लागते. आणि सर्वांत मोठा नियम असा की, आकडा किंचित उणा असला तरी चालेल, पण तो स्थिर असावा. कमी झालेले एका दिवसात भरून काढण्याची घाई जितके जीव घेते, तितके ती उणीव स्वतः घेत नाही.

मुडबीच्या विहिरीचे पाणी या कामी चालेल काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. काळ्या कातळातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे जडत्व कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांचे, म्हणजे प्रवाळाला हव्या असलेल्याच द्रव्यांचे. परंतु त्यांच्याबरोबर शेतातील खतांचे नायट्रेट येते, नळाच्या तोटीतील तांबे येते, आणि त्यांचे माप कोणालाच ठाऊक नसते. तांब्याचा अंशही प्रवाळादि जीवांना विषवत आहे. म्हणून आज घरगुती समुद्राचा आरंभ सर्व क्षार गाळून काढलेल्या पाण्यापासून होतो, आणि मग एकेक क्षार मापून घातला जातो. आधी पाणी पूर्ण रिते करावयाचे आणि मग त्याचा समुद्र करावयाचा, असा हा क्रम आहे. बीदरी कलावंत किल्ल्यातील माती जिभेवर ठेवून तिची पारख करतात असे सांगतात. हातांचे आणि जिभेचे ज्ञान प्रयोगशाळेच्या आधीचे आहे खरे. परंतु खाऱ्या पाण्याच्या बाबतीत जीभ फसते, तेथे मापच हवे.

येथवरचा इतिहास माणसाच्या चिकाटीचा आहे. यापुढचा भाग त्याच्या जबाबदारीचा आहे. चुन्याच्या पाण्याने प्रवाळ जगवण्याची युक्ती युरोपात रूढ होत होती, त्याच काळात भारताच्या दक्षिण टोकाशी, मन्नारच्या आखातात, जिवंत आणि मृत प्रवाळ खणून काढून त्याचा चुना केला जात होता. तेथील २१ बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. प्रवाळांच्या खाणकामाने त्यांचे संरक्षण नाहीसे झाले होते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. १९८६ मध्ये त्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. पुढे २००१ मध्ये १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व खडकप्रवाळांचा समावेश करण्यात आला. वाघाला जे संरक्षण, तेच आता प्रवाळाला आहे. भारतीय समुद्रातून काढलेला असा प्रवाळ विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि 'हौस' हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळी येथे आढळलेल्या प्रवाळांच्या छोट्या वसाहती २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्याही रीतसर परवानगी घेऊन. गॉसच्या काळच्या किनाऱ्यांना असा वाली नव्हता.

मग घरी समुद्र ठेवू इच्छिणाऱ्याने काय करावे? मासे आहेत, समुद्री शेवाळ आहे, आणि दगडावर गुलाबी-जांभळा थर चढवणारे चुनायुक्त शैवालही आहे. तेही कॅल्शियम उचलते, त्यालाही निवळी लागते. रसायनाची सर्व शिस्त त्या पेटीतही शिकता येते; कोणत्याही प्रवाळभिंतीला हात न लावता.

परंतु कायदा जेथे पोहोचत नाही असे एक संकट आहे. शाळेत प्रत्येक मुलाने एक प्रयोग केलेला असतो: निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. आणखी बराच वेळ फुंकत राहिले तर तो दुधाळपणा नाहीसा होऊन पाणी पुन्हा स्वच्छ होते. कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर झाला की तयार झालेला चुनाच विरघळू लागतो. आज समुद्राच्या बाबतीत हाच प्रयोग चालू आहे. औद्योगिक युगाच्या आरंभी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. तो आता ४२० च्या पुढे गेला आहे. त्यातील मोठा वाटा समुद्राने गिळला आहे, आणि त्याच्या पृष्ठजलाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. हा फरक किरकोळ दिसतो. परंतु त्याचा अर्थ आम्लता सुमारे तीस टक्क्यांच्या आसपास वाढली असा होतो. अशा पाण्यात प्रवाळ हळू वाढतो, हे १९९० च्या दशकात मोनॅकोतील आणि अमेरिकेतील ॲरिझोना येथील मोठ्या टाक्यांतील प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणजे पेटीतील समुद्राने खऱ्या समुद्राच्या आजाराचे निदान केले. त्यात भर पडली आहे ती पाण्याच्या वाढत्या उष्णतेची. प्रवाळांतील शैवाल निघून जाऊन ते पांढरे पडण्याच्या जगद्व्यापी साथींपैकी चौथी साथ २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर करण्यात आली.

आणि येथे शहाबाद पुन्हा समोर येते. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाच्या धुराचा हिशेब वेगळाच. त्या चुन्याची निवळी केली तर तो तितकाच वायू पुन्हा शोषून घेते. घरातील पेटीत तेच घडते. परंतु चुन्याचे सिमेंट होऊन त्याच्या भिंती उभ्या राहिल्या, तर त्यांतून थोडाच वायू आणि तोही कित्येक वर्षांनी परत येतो. शहाबादची चुनखडी ही प्रवाळ पृथ्वीवर अवतरण्याच्याही आधीच्या समुद्राची ठेव मानली जाते. तो समुद्र केव्हाच आटला. त्याची शिल्लक मात्र आपण आज वेगाने खर्च करीत आहोत, आणि त्या खर्चाचा भुर्दंड दुसऱ्याच समुद्राला पडत आहे.

घरातील शंभर लिटरांच्या समुद्राला थेंबाथेंबाने निवळी पाजता येते. खऱ्या समुद्राला ती पाजील असे अभिषेकपात्र अद्याप कोणी घडवलेले नाही. म्हणून या पेटीचा खरा उपयोग शोभेचा नाही. चिमूटभर चुना कमी पडला तर काय होते, पाऊण अंशाने सामू ढळला तर कोण मरते, आणि एका दिवसात बिघडवलेले सावरण्यास किती महिने लागतात, हे ती रोज डोळ्यांसमोर घडवून दाखवते. मुडबीच्या पारावर पानाला चुना लावताना डबीवर निवळीचा जो पातळ, पांढुरका पापुद्रा दिसतो, तो त्या निवळीने हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतल्याची खूण आहे. समुद्र ४०० किलोमीटर दूर असला, तरी त्याचा हिशेब त्या डबीतही चालू आहे.